आडोशाची बाजू

ज्ञानेश्वर करंदीकर आणि मी, आमच्या दोघांच्या मिळून चार गुडघ्यांपैकी दीड चांगला. तो दीडही माझाच. एप्रिलमध्ये त्याचे दोन्ही बदलायचे होते, आणि त्यानंतर बर्फातले डोंगर बंद, असं सर्जननं बजावलं होतं. म्हणून फेब्रुवारीत त्याला स्कॉटलंडमधला एक शेवटचा माथा हवा होता. त्याची मुलगी इरावती आम्हाला लंडनजवळच्या हॅरोहून घेऊन आली. हिवाळ्यात लोकांना डोंगरात नेणं हा तिचा धंदाच. तिलाच शिकवणारी गिऱ्हाइकं मात्र तिला पहिल्यांदाच मिळाली.

सकाळी नाश्त्याला तिनं फोनवरचा ॲव्हलांचचा, म्हणजे उतारावरून बर्फ कोसळण्याचा, अंदाज वाचला. "ईशान्येच्या उतारांवर रिस्क बरीच आहे. दोन दिवस नैर्ऋत्येकडून वारा आली..."

"आला."

"आला, बाबा. त्याने सगळा बर्फ उचलून पलीकडे टाकलाय. तो थर कधीही सुटेल. सो, आपण धारेवरूनच जायचं. वारा लागेल, लागू दे."

"अगं, आम्ही सह्याद्रीत..."

"तिकडे बर्फ होता?"

"धुकं होतं," ज्ञानेश्वर बाणेदारपणे म्हणाला.

सह्याद्रीत आमचा नियम एकच. धारेवर वारा ढकलायला लागला की आडोशाच्या बाजूला उतरून आडवं जायचं. ज्ञानेश्वरनं एकदा अशानंच आम्हा नऊ जणांना सुखरूप घरी आणलं. त्यातली नीना पुढे त्याची बायको झाली, तेव्हा त्याच्यापुरतं 'सुखरूप' जरा सैल धरायचं.

इथे धारेवर वाऱ्यानं आम्हाला दोनदा खाली बसवलं. माथा पाव मैलावर. उजवीकडे आडोशाचा उतार: गुळगुळीत, शांत, पाऊल न उमटलेला. इरावती पुढे वाट बघत होती. ज्ञानेश्वरनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी ब्याऐंशी सालापासून ओळखतो. मी मान हलवली. म्हणजे गुन्ह्यात मीही होतो.

त्यानं तिकडे एक पाऊल टाकलं. बर्फाच्या पोटातून 'धप्प' आवाज आला, आणि त्याच्या बुटापासून एक बारीक भेग सरसर वीस फूट पळत गेली.

"बाबा, थांबा! आलात त्याच पावलावर मागे. हळू."

तो आला. उतार जागचा हलला नाही. यात आमचं कर्तृत्व काहीच नव्हतं.

तो बराच वेळ माथ्याकडे बघत राहिला. धारेवरून तेवढं अंतर त्याच्या गुडघ्यांना झेपणार नव्हतं. इरावतीला ते दिसत होतं.

"फिरू या," शेवटी तोच म्हणाला.

"शुअर?"

"आईला सांग, काका दमले."

मी हरकत घेतली नाही.

आमच्या सह्याद्रीतल्या ग्रुपची एक रीत होती: सगळ्यात दमलेला पुढे, आणि बाकीच्यांनी त्याच्या चालीनं चालायचं. ज्ञानेश्वर म्होरक्या, त्यामुळे तो कायम शेवटी. नीनानं हे लेकीला कधी सांगितलं होतं कोण जाणे.

"बाबा, तुम्ही पुढे," इरावती म्हणाली.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, काठी नीट धरली आणि पुढे झाला. इतक्या वर्षांत डोंगरात मला त्याची पाठ पहिल्यांदाच दिसली. तो फार हळू चालत होता. आम्हीही.