हेस्टरचं हसू

आमच्याकडे इंग्लंडमध्ये कोर्टात बसून चित्र काढायला कायद्याने बंदी आहे. चित्रकाराने आत नुसतं बघायचं, मग पत्रकारांच्या खोलीत येऊन आठवेल तसं काढायचं. नॉरिचमध्ये हे काम म्युरिएल थॅकरे करते. तिच्या स्मरणशक्तीचा आम्हा बातमीदारांना केवढा अभिमान! जळो तो अभिमान.

हेस्टर ब्रंडल घरी मुलं सांभाळायची. तिच्या बागेतल्या तळ्यात एक चिमुरडी बुडाली आणि हलगर्जीपणाबद्दल हेस्टरवर खटला उभा राहिला. मुलीची आई साक्ष देताना ढसाढसा रडली, तेव्हा हेस्टर मान खाली घालून बसली होती. जेवणाच्या सुट्टीला सगळे उठले, तेव्हा मात्र तिने प्रेक्षकांच्या सज्जाकडे पाहिलं आणि क्षणभर हसली.

म्युरिएलने रडणारी आई काढली, समोर हेस्टर काढली आणि हेस्टरच्या ओठांवर ते हसू ठेवलं.

"अगं, ती रडत होती तेव्हा ही कुठे हसली?" मी विचारलं.

"हसली तर होती ना? एका चित्रात सगळी सकाळ बसवायची असते, बाबा. फोटो आहे का तो?"

सगळे असंच करतात, म्हणून मीही गप्प बसलो. उलट चित्राखाली ओळ लिहून दिली, 'आईचे अश्रू, आरोपीचं हसू'. संध्याकाळी प्रत्येक चॅनेलवर आणि सकाळी पेपरात तेच होतं आणि मी खुशीत होतो.

ज्यूरीने हेस्टरला निर्दोष सोडलं. गाव कसलं सोडतंय! दुकानात लोक तिला बघून मुद्दाम दात दाखवायचे.

एक दिवस आम्ही कोर्टाजवळ चहा पीत होतो, तेव्हा ती आमच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्युरिएल उठून उभी राहिली. ती माफीचं काही बोलणार, तोच हेस्टरने थांबवलं.

"माफी मला नको. सज्जात माझी आई होती. मी लहानपणी रडले की ती गाल फुगवून दाखवायची. त्या दिवशीही दाखवले, म्हणून हसले. चित्र आलं आणि तिने धसका घेतला. म्हणते, माझ्या चाळ्यांपायी पोरीची अब्रू गेली. परत कोर्टात आली नाही. निकालाला मी एकटी होते. तेव्हा सुट्टी झाली होती हे मी सांगून थकले, तिला पटत नाही. तुम्ही येऊन सांगा."

ती गेल्यावर म्युरिएल मला म्हणाली, "तूही चल. ओळ तुझी होती."

हेस्टरच्या आईने, मिसेस ब्रंडलनी, आम्हाला चहा दिला, आल्याची बिस्किटं पुढे केली. इतकं अगत्य! मला मान वर करवेना. म्युरिएलने मात्र काही झाकलं नाही. "दोन वेगळ्या वेळा मी एकत्र केल्या," ती म्हणाली. "त्या मुलीची आई रडत होती तेव्हा तुमची हेस्टर हसली नव्हती."

म्हातारीने कप बशीत ठेवला.

"मी सुट्टी झाल्यावरच गाल फुगवले होते," ती हळूच म्हणाली. "पक्कं आठवत होतं मला. पण पेपरात आलं म्हटल्यावर वाटलं, तुम्ही शिकलेली माणसं, तुमचं कसं चुकेल? आपलंच डोकं म्हातारपणी काम देत नाही."

म्युरिएल रडायला लागली. म्हातारीने तिच्या हातावर हात ठेवला. "हसू मात्र हुबेहूब काढलंस हं, बाई. अगदी अशीच हसते ती."

हेस्टर कप उचलायला आत आली. आईने तिच्याकडे पाहिलं आणि दोन्ही गाल टम्म फुगवले. हेस्टरचे ओठ हललेसुद्धा. मग तिची नजर आमच्या दोघांवर गेली, आणि तिने मान खाली घातली.