चहासोबतची गोळी

माझ्या बायकोला, आशाला, शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगचं काम लागणार होतं. बसची वेळही ठरली, पण गाडी अडली रक्तात. कंपनीच्या तपासणीत हिमोग्लोबिन अकरा निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "किरकोळ कमी आहे, बाकी ठणठणीत आहात. महिनाभर लोहाची गोळी घ्या. बारा झालं की कामावर या."

मी म्हणालो, "लग्न झाल्यापासून माझं रक्त पितेस. गेलं कुठं सगळं?"

"तुमचं पाणचट निघालं," आशा म्हणाली.

त्या वर्षी दुष्काळ होता, आमच्या वसाहतीत आठव्या दिवशी नळ यायचा. शहर चहूकडं वाढत होतं, पाणी तेवढंच. म्हणून मी शक्कल लढवली. सकाळी चहा मी करायचा, त्याच्यासोबतच तिनं गोळी गिळायची, म्हणजे तेवढंच पाणी वाचतं. शिवाय औरंगपुऱ्याच्या बाजारातून व्हिटॅमिनची महागडी बाटली आणली. नवरा असावा तर असा, हे गल्लीभर मीच सांगत होतो.

महिन्यानं आकडा अकराच.

"गोळी कशासोबत घेता?" बाईंनी विचारलं.

"चहासंगं. ह्यांच्या हातचा, लई कडक."

बाईंनी कपाळाला हात लावला. चहा लोह अंगी लागू देत नाही म्हणे. बाटलीची तर गरजच नव्हती. "लिंबूपाण्यासोबत घ्या. अजून एक महिना थांबायला सांगते कंपनीला."

परतताना माझ्याच रिक्षात मागं बसून आशा हसत होती. "मी कामाला जाऊ नाय असं वाटत व्हतं, तर तोंडानं सांगायचं. रोज कपभर कशाला पाजलं?"

ती चेष्टा होती, पण मला लागली. चहाचं मला खरंच ठाऊक नव्हतं. मात्र आकडा अकराच ऐकून मला आतून बरं वाटलं होतं. तिचा पगार माझ्या रिक्षाच्या कमाईपेक्षा जास्त होणार, हे मला सोसत नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली. रिक्षा कडेला घेतली आणि सगळं सांगून टाकलं.

आशा हसायची थांबली. "ठाऊक हाय मला," एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात बारा भरले. कंपनीच्या फॉर्मवर शेवटी एक ओळ होती: घरच्यांची हरकत आहे का? आशानं पेन माझ्या हातात दिला. मी लिहिलं, 'नाही.'

तिनं कागद वळवून पाहिला.

"जरा मोठं लिहा," ती म्हणाली, "वाचता आलं पायजे."