जांभळी झाडं

"कापा!" मालक म्हणाले, आणि मागावरचे ताण्याचे उभे दोरे तटातट तुटू लागले. लेओनार विणकर बाकावरून उठून उभा राहिला.

फ्रान्समधल्या ओब्युसाँ गावच्या विणकामाच्या कारखान्यात दीड वर्ष तो या चित्रपडद्यावर वाकून बसला होता, तोही उलट्या बाजूवर. सुलटी बाजू पडदा मागावरून उतरल्यावरच दिसते. लेओनारला मात्र ती आजही नीट दिसणार नव्हती. त्याचे डोळे अधू झाले होते. आकार कळत, रंग कळत नसत. बायको मार्साल शेजारी बसून रंगीत लोकरीच्या कांड्या हातात द्यायची आणि हळूच रंग सांगायची. पण तिची बहीण वारली, मार्साल माहेरी गेली, आणि ती परत येईपर्यंत चित्रातल्या चिनी बादशहामागची सगळी झाडं लेओनारनं अंदाजानंच विणली.

आज तो स्वतःच सगळं सांगून टाकणार होता. मालकांनी मोकळं केलं की लेकीच्या गावी जायचं, मेंढ्या राखायच्या. लेक कधीची बोलावत होती.

पडदा उलगडला. सगळे पुढे सरकले. मग कोणीतरी फिसकन हसलं.

"जांभळी झाडं? लेओनारकाका, चढवून बसला होतात की काय!"

मालक पडद्याभोवती दोनदा फिरले. लेओनारनं मान खाली घातली. तेवढ्यात पाठीवर मालकांची थाप पडली.

"अरे, चीन पाहिलाय कुणी? तिथं अशीच असतील झाडं! पॅरिसवाले वेडे होतील बघ. हुबेहूब असेच आणखी सहा पडदे हवेत मला!"

"मालक," लेओनार म्हणाला, "मला रंग दिसत नाहीत हो. चुकून झालीत ती झाडं. मला सोडा आता. लेकीकडे जातो."

सगळा कारखाना हसला. सगळ्यांत जास्त मालक.

"भाव खातोस होय रे? सहाच्या सहा झाल्याशिवाय गाव सोडायचं नाव काढू नकोस. हे तुझ्याशिवाय कोणाला जमणार?"

ते निघून गेले. लेओनार बाकावर बसला. इतकी वर्षं जे लपवलं, ते आज उघड बोलला, आणि एकालाही ते खरं वाटलं नाही.

"सांगितलं गं मी," तो मार्सालला म्हणाला.

"ऐकलं मी." मार्साल त्याच्याजवळ बसली.

"दिसतात तरी कशी ती झाडं?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. छत्रीखाली गुबगुबीत बादशहा चहा पीत होता, आणि त्याच्यामागे सगळं रान जांभळं होतं.

"छान दिसतात," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

पलीकडे माणसं मागावर नवा ताणा चढवत होती. मार्सालनं एप्रनच्या टोकानं डोळे पुसले, टोपली पुढ्यात ओढली आणि जांभळ्या कांड्या वेगळ्या काढायला घेतल्या.