बावीस टक्क्यांचं बूच

मित्रांनो, मी एक जुनी काचेची मोजनळी आहे, आणि माझ्या अंगावरच्या रेघांनी आजवर एकही खोटा आकडा दाखवलेला नाही. असं मी दहा वर्षं समजत होते.

माझं काम साधं. भट्टीतल्या नळीत पूड जाळायची आणि धूर माझ्यात सोडायचा. माझ्यातलं क्षाराचं पाणी बाकीचे वायू गिळतं, वर उरतो तो नायट्रोजन. तो रेघेवर वाचायचा. गाढवालाही जमेल. आमच्या कारखान्याच्या साहेबांना मात्र धाप लागायची.

साहेब भट्ट्यांना आतून लावायची काळी पूड बनवायचे. पोत्यावर ठळक अक्षरात 'कधीच जळत नाही', आणि खाली बारीक अक्षरात 'नायट्रोजन बावीस टक्के'. आता जे जळतच नाही, त्यातला नायट्रोजन जाळून मोजायचा! पूड अर्धवट जळायची, कोळसा होऊन बसायची, थोडा नायट्रोजन पोटात दाबून. तरी माझ्यावर आकडा बावीसच. साहेब पाहुण्यांना बोलावून मला दाखवायचे. मीही फुगले होते.

मग साहेबांनी मेहुण्याला कामावर घेतलं. बायकोचा भाऊ म्हणून घेतला, तो शिकलेला निघाला. पहिल्याच दिवशी त्याने भट्टीच्या नळीचं रबरी बूच उलटसुलट करून बघितलं.

"दाजी, याला भेग पडलीय. बाहेरची हवा आत येते. आणि हवेत नायट्रोजनच जास्त."

"दहा वर्षं चाललंय ना? मग हात लावू नकोस."

त्याने लावला. नवं बूच, आकडा सतरा. म्हणजे कोळशात अडकलेल्या नायट्रोजनची भरपाई ते फाटकं बूच बाहेरून करत होतं, आणि कौतुक माझं!

साहेब लालबुंद. "परवा तपासणीच्या बाई येतायत. बावीस आले नाहीत तर तू घरी. ताईकडे रडत जायचं नाही, आधीच सांगतो."

मेहुण्याने दोन दिवस पूड खलून पिठासारखी केली, नीट जळावी म्हणून तिच्यात तांब्याचं ऑक्साइड कालवलं, भट्टी आणखी तापवली. कोळसा उरला नाही. आकडा बरोब्बर बावीस! हे सांगायला त्याने साहेबांना सात फोन केले. साहेब मेहुण्याचे फोन उचलत नसत.

तपासणीच्या दिवशी साहेब सगळ्यांच्या आधी आले आणि गुपचूप जुनं बूच बसवून गेले.

बाईंनी माझ्यावर डोळे बारीक केले. "सत्तावीस? वरचे पाच कुठून आणलेत?"

"पोरगा नवा आहे हो," साहेब म्हणाले.

मेहुण्याने बूच उपसलं. "दाजी, हे मी फेकलं होतं! कुणी लावलं?"

"बघा! साधं बूच लावता येत नाही."

बाईंनी 'नापास' लिहिलं. मेहुणा घरी गेला. साहेबांनी ते बूच डुगडुगत्या कपाटाच्या आखूड पायाखाली खुपसलं आणि मला त्याच कपाटात ठेवलं.

मित्रांनो, उपकरणांची निगा राखा. बुचांची आधी. आणि घरच्यांचे फोन उचलत जा, फुकट असतात.

काल बाईंचं पत्र आलं. 'चूक नक्की कुणाची ते ठरवायचं आहे. बूच पाठवून द्या, तुमच्या मेहुण्यालाही बोलावलं आहे.' साहेबांनी पत्र दोनदा वाचलं. बूच भट्टीत टाकायचं ठरवून ते खाली वाकले आणि त्यांनी ते कपाटाखालून ओढून काढलं.

कपाट पडलं. मी कपाटात होते.