मुखपृष्ठावरची अळंबी

धाकटा नुकताच झोपला होता, तेवढ्यात दाराच्या फटीतून मासिक सरकून फरशीवर आपटलं. मुखपृष्ठावर माझी अळंबी होती. जंगलात ओल्या पाचोळ्यावर पालथं पडून मी तो फोटो काढला होता आणि तो फक्त ताईला पाठवून, या मासिकाच्या स्पर्धेला देऊ का, असं विचारलं होतं. फोटोखाली ताईचं नाव होतं.

मी फोन लावला. "ताई, हा फोटो तू काढलास?"

"अगं, दोन पोरांच्या रगाड्यात तुला पाठवायला जमलं असतं का? बहिणी-बहिणींत कसलं गं तुझं-माझं!" ती हसली.

आकार कळावा म्हणून मी अळंबीशेजारी थोरलीला बोट धरायला लावलं होतं. छापलेल्या बोटावर बोट टेकवून तिनं विचारलं, "आई, फोटो मावशीनं काढला, तर तेव्हा ती कुठे लपली होती?"