नांगराचा आग्रह

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी शेतातला नांगर नव्हे. त्याचं नि माझं नाव तेवढं एक, बाकी ना गाव एक ना काम. मी होडीचा नांगर. जुना आहे, माझ्या चार आकड्यांपैकी एक वाकलाय, अंगावरचा रंग कधीच उडालाय. पण हुगळी नदीच्या काठी, बजबजच्या वाटेवर, शिडाच्या होड्यांचा जो आमचा क्लब आहे, तिथे जाऊन नुसतं माझं नाव काढा. लोक खुर्ची पुढे करतील आणि चहा मागवतील. बढाई मारतोय असं वाटतं? मारतोयच! पण का मारतोय ते ऐका तरी.

माझा जन्म कलकत्त्याचा, गार्डन रीचचा. तिथे मोठाली जहाजं बांधतात. एका जहाजातून उरलेला लोखंडाचा दांडा रघुनाथ मिस्त्रींच्या भट्टीत आला, तो मी. त्यांनी मला लालबुंद तापवलं, ठोक ठोक ठोकलं, टोकाला चार आकडे वळवले आणि डोक्यावर दोर बांधायला एक कडी बसवली. मग पाण्यात बुडवलं. असा चरचरलो की विचारू नका! मिस्त्रींनी मला वर काढून घाम पुसला आणि म्हणाले, "जा बेटा. जिसको पकड़ना, छोड़ना मत." आईबापाचा आशीर्वाद म्हणतात तो माझ्या वाट्याला एवढाच आला, पण मला जन्मभर पुरला.

तिथून मी क्लबात आलो. क्लबात शर्यतीच्या लहान होड्या होत्या, त्यांना डिंगी म्हणतात. एका डिंगीत दोन माणसं. एकाने मागे बसून सुकाणू धरायचं, दुसऱ्याने शिडाचे दोर सांभाळायचे. मला मिळाली 'शालिक'. बंगालीत शालिक म्हणजे साळुंकी. नाव चिमुकलं, पण होडी क्लबातली सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत जड. माझी जागा तिच्या पुढच्या टोकाला, दोराच्या वेटोळ्यावर.

खरं सांगू? वारा चांगला असला की नांगराला कुणी विचारत नाही. येता-जाता ठेच लागते आणि लोक मलाच शिव्या देतात. पण आमची हुगळी ही साधीसुधी नदी नव्हे. समुद्राची भरती-ओहोटी थेट कलकत्त्यापर्यंत येते. ओहोटी लागली आणि त्यातच वारा पडला की बिनइंजिनाची होडी काय करणार? पाणी नेईल तिकडे जाणार. अशा वेळी जो मुकाट्याने नांगर टाकून जागच्या जागी उभा राहतो, तो पुढे राहतो. बाकीचे मागे मागे वाहत जातात. आमच्या नदीवर नुसतं उभं राहूनही शर्यत जिंकता येते, आहात कुठे!

'शालिक'चं सुकाणू नलिनीच्या हाती असे. नलिनी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायची. घर मराठी, पण तिचा जन्म कलकत्त्याचा, त्यामुळे तिच्या मराठीला बंगाली हेल होता. शिडाचे दोर सांभाळायला तिचे वडील श्यामराव. साठीला आलेले, अंगाने भरलेले, आणि खिशात सुपारी नि अडकित्ता कायमचा. होडी कलली की ते ज्या बाजूला बसतील ती बाजू आपोआप सरळ व्हायची.

१९६९ सालच्या फेब्रुवारीत आमच्याकडे मोठी शर्यत ठरली. मुंबईहून, मद्रासहून पाहुणे येणार होते. यजमान क्लबातर्फे होडी कोण हाकणार यावरून समितीत चांगलीच जुंपली. त्याआधी अशा मोठ्या शर्यतीत कुठल्याही बाईने सुकाणू धरलं नव्हतं. शेवटी चिटणीस घोषालबाबू नलिनीला म्हणाले, "दीदी, ये एक बार देखेंगे. जीत गयीं, तो आगे भी आप ही. नहीं तो अगले साल से मेरा भांजा." भाचा शेजारीच केस विंचरत उभा होता. म्हणजे नलिनीला संधी एकच. हरली की सुकाणू गेलं.

आता आमची रीत ऐका. पाहुण्यांना चांगल्या होड्या द्यायच्या आणि उरलेल्या आपण घ्यायच्या. म्हणून नव्या, हलक्या होड्या पाहुण्यांना आणि म्हातारी 'शालिक' नलिनीला. यावर तिने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. पाहुणा तो पाहुणा.

मुंबईचे जयप्रकाश आणि त्यांचे जोडीदार मनोहर श्यामरावांच्याच घरी उतरले होते. शर्यतीच्या सकाळी दोघं पोटावर हात ठेवून क्लबात आले. नलिनीच्या आईने, प्रेमलताबाईंनी, आग्रह करकरून खाऊ घातलं होतं. "नको नको म्हणेपर्यंत काकूंनी चौथा लाडू पानात टाकला," मनोहर कण्हत म्हणाले. "आता आमची होडी बुडणार ती लाडवांनी!"

हसत हसत जयप्रकाशांनी आपल्या होडीतला नांगर उचलला आणि धक्क्यावर ठेवून दिला. माझाच धाकटा भाऊ तो, मिस्त्रींच्याच भट्टीतला.

"हे ओझं कशाला? शर्यतीला चाललोय, मासे धरायला नाही," ते म्हणाले.

"असू द्या हो होडीत," नलिनी म्हणाली. "आज ओहोटीला जोर आहे. वारा पडला तर..."

"अहो, आम्ही समुद्रावर वाढलेली माणसं. नदीला काय घाबरायचं?"

नलिनीने बाबांकडे पाहिलं. श्यामरावांनी तोंड उघडलं, मिटलं आणि एक सुपारी कातरली. "जाऊ दे," ते तिच्या कानाशी पुटपुटले. "पाहुण्याला दोनदा सांगणं बरं दिसत नाही." मी होडीत पडल्या पडल्या चरफडलो. पण लोखंडाला तोंड कुठे असतं?

तोफेचा बार झाला आणि होड्या सुटल्या. दक्षिणेचा वारा मजेत होता. नदीच्या खालच्या अंगाला तरंगणाऱ्या पिंपाला वळसा घालून परत क्लबापर्यंत यायचं, अशी शर्यत. जयप्रकाश हुशार खरे! पिंपाला पहिला वळसा त्यांचा, दुसरा आमचा. मद्रासवाले आणि बाकीचे कुठल्या कुठे मागे राहिले. आता ओहोटीच्या उलट, वाऱ्याच्या जोरावर घरी यायचं. ज्यूटच्या गिरणीची चिमणी दिसू लागली आणि वारा पडला. एकदम पडला. शिडं ओल्या धोतरासारखी लोंबायला लागली.

"बाबा, नांगर!" नलिनी ओरडली. श्यामरावांनी मला काठाजवळच्या पाण्यात सोडलं. मी तळाशी गेलो, आकडे चिखलात रोवले आणि 'शालिक' जागेवर थांबली.

जयप्रकाशांची होडी आमच्या पुढे होती. ती हळूहळू मागे यायला लागली. मग भराभर यायला लागली. आणि आमच्या मागे, मित्रांनो, गाधाबोटी नांगरून ठेवलेल्या होत्या. गाधाबोट म्हणजे ज्यूट वाहणारी, इंजिन नसलेली, सपाट लोखंडी बोट. ओहोटीचं पाणी तिच्या पोटाखाली घुसतं, आणि त्या पाण्यात जे सापडेल तेही खाली ओढलं जातं. होडी काय आणि माणूस काय.

मनोहर हातांनी पाणी मारत होते. जयप्रकाशांचा चेहरा पांढराफटक पडला होता. होडी आमच्या बाजूने वाहत निघाली.

"बाबा, त्यांना दोर टाका!"

"नले, दोन होड्यांचं ओझं पेलेल का त्याला? तो सुटला तर आपणही त्यांच्यामागून जाऊ!"

"पेलेल! टाका!"

पेलेल! एवढा विश्वास माझ्यावर कुणी टाकला नव्हता. श्यामरावांनी फेकलेला दोर मनोहरांनी झेलला आणि असा हिसका बसला की काय सांगू! मी चिखलातून हातभर घसरलो. माझा एक आकडा कशाला तरी अडकून वाकला. जीव जातोय असं वाटलं. पण मिस्त्रींचे शब्द आठवले आणि मी उरलेले तीन आकडे खोल, आणखी खोल खुपसले. थांबलो. दोन होड्या, चार माणसं आणि ते सगळे लाडू, एकट्या माझ्या जिवावर! गाधाबोटी अगदी हाकेच्या अंतरावर राहिल्या होत्या.

बऱ्याच वेळाने पाण्यावर बारीक सुरकुत्या दिसल्या. वारा परत आला. आता गंमत बघा. पाहुण्यांना नुसता दोर सोडायचा होता. आम्हाला मला वर काढायचं होतं. जयप्रकाशांनी दोर सोडला, पण शीड सैलच ठेवून ते थांबले. "आधी तुमचा नांगर वर येऊ दे," ते म्हणाले.

"जा हो!" नलिनी ओरडली. "शर्यत आहे ही! मला दयेनं नाही जिंकायचं!"

ते गेले. श्यामरावांनी मला ओढायला सुरुवात केली. मी हलेना! दोन होड्या धरायच्या म्हणून एवढा खोल रुतलो होतो की आता माझा मलाच सुटता येईना. श्यामराव लाल झाले. नलिनीने हात लावला. व्यर्थ! तिकडे पाहुण्यांची होडी लांब लांब जात होती, आणि तिच्याबरोबर नलिनीचं सुकाणूही.

श्यामरावांनी खिशातून अडकित्ता काढला. "बोल, नले. होडी तुझी, हुकूम तुझा."

तिने पुन्हा एकदा दोर ओढून पाहिला. मी तसाच रुतलेला. काप गं पोरी, मी मनात म्हणत होतो, काप! माझं काम झालं, आता तुझं कर.

"कापा, बाबा."

कट्. दोर सैल पडला. मी एकटा उरलो.

खाली काळोख होता. मला राग नव्हता आला, खरंच नाही. फक्त एक गोष्ट कळावी एवढंच वाटत होतं. मग पाण्यातून लांबून तोफेचा बार ऐकू आला. पहिल्या होडीसाठी उडवतात तो. पण पहिली कोण? ते मला कोण सांगणार?

संध्याकाळी पाणी पूर्ण ओसरलं आणि मी चिखलात उघडा पडलो. चिखलात पावलं वाजली. "हा बघा दोर! इथे आहे!" तो आवाज जयप्रकाशांचा. गुडघ्याएवढ्या चिखलात ते, मनोहर आणि नलिनी, तिघं मिळून मला उकरत होती. काठावर श्यामराव आणि हातात डबा घेतलेल्या प्रेमलताबाई उभ्या. सगळे एकदम बोलत होते, आणि शर्यत कोण जिंकलं ते सोडून बाकी सगळं बोलत होते! अरे, सांगा की कुणीतरी!

प्रेमलताबाईंचा तर पट्टा चालू होता. "अहो, लाडू चारदा वाढताना बरं दिसतं, आणि नांगर दोनदा सांगताना लाज वाटते? पोरं गेली असती म्हणजे?" श्यामराव मान खाली घालून ऐकत होते. त्या दिवशी त्यांनी सुपारीसुद्धा कातरली नाही.

शेवटी जयप्रकाशांनी मला दोन्ही हातांनी उचललं. "काकू, काकांना बोलू नका. चूक माझी," ते म्हणाले. "आज हरलो तेच बरं झालं. जिंकलो असतो, तर याला शोधायला यायला तोंड राहिलं नसतं मला."

हरलो! म्हणजे नलिनी जिंकली! ते वाऱ्यासाठी मधल्या धारेत गेले, आणि नलिनीने काठाच्या संथ पाण्यातून, माझ्या वजनावाचून हलकी झालेली 'शालिक' शेवटच्या क्षणी पुढे काढली. श्यामरावांनी ती हकीकत मला धुताना तीन वेळा सांगितली. मी तीनदा नव्याने ऐकली.

समितीने ठरवलं, मला चांदीचा रंग द्यायचा आणि दिवाणखान्यात टांगायचं. नलिनी म्हणाली, "भिंतीला कशाला नांगर? भिंत वाहून जाते का?" घोषालबाबू पोट धरून हसले, आणि मी नव्या दोरासकट 'शालिक'मध्ये परत आलो. तेव्हापासून ती मला दर शर्यतीनंतर गोड्या पाण्याने धुते, तेल लावते, दोर उन्हात वाळवते. म्हणून तर इतक्या वर्षांनंतरही तुमच्याशी बोलायला उरलोय.

पुढच्या फेब्रुवारीत पाहुणे पुन्हा आले. 'शालिक'चं सुकाणू अर्थातच नलिनीच्या हाती. शर्यतीआधी ती धक्क्यावरचे नांगर घेऊन निघाली आणि एकेका पाहुण्याच्या होडीपाशी थांबू लागली. कुणी म्हणालं, "नको." ती म्हणाली, "घ्या हो." कुणी म्हणालं, "खरंच नको." ती म्हणाली, "असं कसं? घ्यायलाच हवा." सगळ्यांत शेवटी जयप्रकाशांची होडी. त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि जेवायला बसल्यासारखे दोन्ही हात पुढे केले.

"वाढा," ते म्हणाले. "चांगला मोठा वाढा."

तर मित्रांनो, वारा असताना ज्याची ठेच लागते त्याला ओझं म्हणून धक्क्यावर ठेवून जाऊ नका, त्याला तेल-पाणी करा. आणि दुसरा कुणी ठेवून निघाला, तर भिडेला पडून गप्प बसू नका. तो दोनदा नको म्हणेल. तुम्ही तिसऱ्यांदा वाढा.