पहिली राखण

खैरटोल्याच्या मेलेल्या माणसांनी जितका प्रवास केला, तितका जिवंतांनीही केला नसेल. हयातभर बैलबंडीखेरीज कशात न बसलेले म्हातारे मेल्यावर ट्रॅक्टरमध्ये आडवे होऊन अकरा किलोमीटर गेले. नऊ वर्षांत असे चौदा जण गेले, आणि गावाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

धरणाचं पाणी चढलं तेव्हा जुनं खैरटोला बुडालं आणि पवनीच्या अलीकडे, उंचावरच्या मुरमाड जागेवर नवं वसलं. सरळ रस्ते, शाळा, पाण्याची टाकी, सगळं मिळालं. गावाच्या शेवटी टिनाचं छप्पर घातलेलं स्मशान शेडही मिळालं. शाळेत पोरं बसली, टाकीत पाणी आलं, पण शेडमध्ये फक्त शेळ्या बसत. माणूस मेला की ट्रॅक्टर निघायचा तो जुन्या गावाकडे. तिथलं मसण एका टेकाडावर होतं, म्हणून पाण्याबाहेर राहिलं होतं.

याला कारण होतं राखण. खैरटोल्याची रीत अशी की जो शेवटी जळला तो मसणाचा राखणदार. दुसरा येईपर्यंत त्यानं तिथंच थांबायचं. दुसऱ्याच्या सरणाला चूड लागली की राखणदाराच्या घरच्यानं मोठ्यानं म्हणायचं, "तुझी पाळी सरली, आता जा." घरच्याच माणसानं म्हणायचं आणि सरण पेटतानाच म्हणायचं, नाहीतर त्या शब्दाला जोर नाही. जुन्या मसणात ही साखळी कधी तुटली नव्हती. नव्या जागेत मात्र पहिला जो जाईल त्याच्याआधी तिथं कोणी नाही. एकट्यानं, परक्या मातीत, किती दिवस कोण जाणे. गावाच्या भल्यासाठी वर्गणी द्यायला सगळे तयार होते, आपलं माणूस द्यायला कोण तयार होणार?

यंदा भादव्यात पाणी टेकाडावरही चढलं. तिथं शेवटची गेली होती देवकाबाई, वैशाखात. तिची सून काठावर उभी राहून पाण्याकडे तोंड करून "जा माय, जा" म्हणून घसा बसेपर्यंत ओरडली. पण सरणाशिवाय ओरडून काय होतं? आता तिथं कोणी जळणार नव्हतं. देवकाबाईचं नाव निघालं की बाया आवाज खाली आणू लागल्या.

इश्वरला हे सगळ्यात जास्त लागलं, कारण नवी जागा त्यानं निवडली होती. पाच म्हातारे जागा बघायला फिरले, त्यात यानंच मूठभर माती उचलून "इथंच" म्हटलं होतं. आता त्र्याहत्तरीला टेकला होता, हृदयाचं दुखणं मागे लागलं होतं, दहा पावलं चालला की थांबून जणू आभाळ बघायचा. दमलो म्हणायची लाज.

एक दिवस त्याची नात दामिनी ओसरीवर नकाशा पसरून बसली होती. ती पवनीच्या कॉलेजात शिकायची आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायची. नकाशावर आफ्रिकेतून लाल बाण निघाले होते. एक समुद्राच्या कडेकडेनं हिंदुस्थानात आला होता, तिथून पुढे बेटांवर गेला होता. दुसरा पार बर्फातून फिरून अमेरिकेत उतरला होता. माणूस साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी निघाला आणि असा जगभर पसरला, असं तिनं सांगितलं.

"हे कसं समजलं वं त्यायले?" इश्वरनं विचारलं.

"हाडं सापडतात, आबाजी. जिथं मानसाची हाडं, तिथं त्याची वस्ती, असं धरतात."

इश्वर वाकून बाणांच्या शेपटीकडे बघत राहिला. "अन जिथून हे लोक निघाले, तिथं शेवटचं कोन राहिलं?"

दामिनीनं पान उलटून बघितलं. "ते नाही लिहिलं यात."

त्या दिवशी इश्वर नीट जेवला नाही. प्रत्येक बाणाच्या मागे त्याला एकेक देवकाबाई बसलेली दिसू लागली, पाण्याकडे नाहीतर रानाकडे तोंड करून, कोणीतरी येईल म्हणून वाट बघणारी. मग त्याला बाणाचं टोकही दिसलं. तिथंही कोणीतरी पहिला मेलाच असणार. तो मेला म्हणून बाकीचे थांबले, नाहीतर बाण पुढेच जात राहिला असता. दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर दहा-बारा माणसं बसली होती, त्यांच्यासमोर हा उभा राहिला आणि म्हणाला, "नव्या शेडात पहिला मी. माया घरचंच मानूस पहिलं जाईन. लिहून घ्या."

बातमी त्याच्याआधी घरी पोहोचली. त्याची बायको पुष्पाबाई तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला आपटलं.

"अजी, अंधाराच्या भेवानं अंगनात जाले तुमाले टॉर्च लागते. अन तुमी मसन राखाल?"

"कोनीतरी राखलं पायजे."

"मंग बाकीचं गाव का मेलं होतं?"

"मेलं नाही, तेच तर दुखनं हाये," इश्वर म्हणाला. तिला हसू आलं नाही. तिनं सूप पुन्हा पुढ्यात ओढलं आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "अन मी आधी गेलो तर?"

इकडच्या बायका बोलताना 'गेलो'च म्हणतात. पण त्या एका शब्दानं इश्वर खाली बसला. एवढं मोठं बोलून आला, पण हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. पारावर तो 'माया घरचंच मानूस' म्हणाला होता.

"तू कायले जातं? दुखनं मले हाये."

"गेलो तर, म्हनतो मी."

"तर जो पुढचा येईन, त्याच्या सरनाले चूड लागली का मी तुले मोकळं करीन. एक घडी जास्त ठेवनार नाही. तुयी शपथ."

"मले एकटीले भेव लागते जी," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या संसारात भीती वाटते असं ती पहिल्यांदा बोलली होती.

दिवाळी पंधरा दिवसांवर असताना पुष्पाबाई धानाच्या बांधीवरून गवताचा भारा घेऊन आली, "जराशी पडतो" म्हणाली आणि उठली नाही. डॉक्टर येऊन हात लावून गेला. दुखणं एकाला आणि जाणं दुसऱ्याला, यम कधीकधी घर बरोबर शोधतो आणि माणूस चुकतो.

मुलगा प्रविण वरठीच्या कारखान्यातून मोटारसायकलवर धावत आला. रडून झाल्यावर त्यानं बापाला बाजूला घेतलं. "बाबा, मायले पवनीच्या घाटावर नेऊ. नदी हाये, दहा लोक येतात तिथं. एकटी नाही राहनार."

इश्वरलाही तेच हवं होतं, अगदी मनापासून हवं होतं. पण अंगणात सगळं गाव उभं होतं. सगळे फक्त त्याच्याकडे बघत होते. आज हा फिरला तर शेड कायमचं शेळ्यांचं झालं असतं, आणि पुढच्या प्रत्येक मयताला गाव नवीन घाट शोधत हिंडलं असतं.

"इथंच," तो म्हणाला.

हाच शब्द त्यानं माती उचलून म्हटला होता, पण तेव्हा तो इतका जड नव्हता.

पुष्पाबाई नव्या खैरटोल्याच्या मातीत जळलेलं पहिलं माणूस ठरली. "जा" म्हणायला तिच्याआधी कोणी नव्हतं, त्यामुळे चूड लागल्यावर सगळे नुसतेच उभे राहिले.

त्यानंतर इश्वर रोज ऊन कलताना शेडकडे जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. तीन दिवस काही झालं नाही. चौथ्या दिवशी तो खांबाला टेकून, आपल्याशीच बोलावं तसं म्हणाला, "आज सुनेनं भाजी खारट केली."

"तुमचं तोंडच खारट," मागून आवाज आला.

इश्वर उठला, धावला, मुरमावर पडला, गुडघे फोडून घरी आला. शेळीनं धडक दिली, असं त्यानं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र ऊन कलायच्या आधीच तो शेडमध्ये जाऊन बसला होता.

ती होतीच तिथं. दिसायची नाही, पण खांबाच्या पलीकडे बसलेली कळायची. घरचं विचारायची, दामिनीच्या लग्नाचं काढायची, धान कोणत्या बांधीतलं पहिलं कापायचं ते सांगायची. आणि तो निघायला उठला की न चुकता विचारायची, "कोनी आलं का जी?"

"नाही वं. सगळे ठनठनीत हायेत."

"चारी बाजूनं उघडं हाये इथं. माती ओळखतच नाही मले."

तो रोज तिची समजूत घालायचा. आणि रोज परत येताना, सांगायला लाज वाटावी इतका, तो सुखात असायचा. त्याचं जेवण वाढलं. दम कमी लागू लागला. पोरगी सासरी गेल्यावर तिला महिन्यातून एकदा भेटतात, याला तर मेलेली बायको रोज भेटत होती. हळूहळू एक वेगळीच भीती त्याच्या मनात घर करू लागली, दुसरं कोणी मरण्याची.

गल्लीच्या टोकाला राहणारा बाबुलाल बरेच दिवस खोकत होता. इश्वर सकाळ-संध्याकाळ त्याच्या खाटेपाशी. काढा नेई, पाय चेपी, प्रविणला पवनीला पिटाळून औषधं आणवी. बाबुलालची बायको बायजाबाई गावभर सांगत सुटली, शेजारी असावा तर असा. इश्वर मान खाली घालायचा, आणि लोकांना तो विनय वाटायचा.

धान कापणी ऐन भरात असताना बाबुलाल गेला. काढ्यानं माणूस थांबता तर वैद्य अमर झाले असते. यावेळी ट्रॅक्टरचा विषयही निघाला नाही. पुष्पाबाई तिथं आहे, आता काय भ्यायचं, असं म्हणत गाव सरळ शेडकडे निघालं. आता ते गावाचं मसण झालं होतं. एरवी बाया मसणात जात नाहीत, पण त्या दिवशी इश्वरला चालवत नव्हतं म्हणून दामिनी त्याचा दंड धरून गेली आणि कोणी तिला अडवलं नाही.

बाबुलालच्या मुलानं, अतुलनं, चूड लावली. लाकडं तडतडली. सगळे इश्वरकडे वळले, आणि वाट करून दिली.

तो सरणाजवळ गेला. खांबाच्या पलीकडे ती उठून उभी राहिल्याचं त्याला कळलं. पदर सावरून, जायच्या तयारीनं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिची चाहूल हलकी वाटली. "तुझी पाळी सरली," तो मोठ्यानं म्हणाला. सगळ्यांनी ऐकलं. पुढचे दोन शब्द तेवढे राहिले होते. उद्यापासून ऊन कलल्यावर आपण कुठं जायचं, एवढंच त्याच्या मनात आलं.

तोंडाशी हात नेत तो पुटपुटला, "थांब."

धुरानं डोळे भरलेत असं समजून लोकांनी त्याला बाजूला घेतलं. परतताना दामिनीनं विचारलं, "शेवटी काय म्हनले, आबाजी? आयकू नाही आलं."

"जा म्हनलो. आनखी का म्हनीन?"

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना तो शेडमध्ये गेला. ती होती. खांबाच्या पलीकडे, पाठ करून बसलेली. बाबुलालही होता, दूरच्या कोपऱ्यात, दुसऱ्याच्या घरी नवरा-बायकोचं भांडण चालू असताना पाहुण्यानं उभं राहावं तसा. इश्वर बोलत राहिला. धानाचं बोलला, सुनेच्या भाजीचं बोलला, दामिनीचं बोलला. उत्तर आलं नाही. अंधारून आलं तेव्हा तो उठला आणि नेहमीच्या प्रश्नासाठी थांबला. तिनं विचारलं नाही, कोणी आलं का म्हणून. कोण आलं ते तिनं बघितलंच होतं.

मग तो ओरडला. "जा! पुष्पा, जा! पाळी सरली तुयी!" विझल्या राखेसमोर उभा राहून देवकाबाईच्या सुनेसारखा ओरडला. ती जागची हलली नाही. हलणार कशी, जाणं तिच्या हातात थोडंच होतं? ज्याच्या हातात होतं त्यानं ते कालच गमावलं होतं.

शोधत आलेली दामिनी त्याला शेडच्या बाहेर भेटली. तो खाली मुरमावर बसला होता. त्यानं तिचा हात धरला आणि सगळं सांगितलं, काहीही न लपवता. ऐकून ती रडली. आजोबांवर रागावली, पण त्यानं धरलेला हात तिनं सोडवून घेतला नाही.

"पुढचं सरन पेटन तवाच तिले सोडता येईन, अन माया नंबर काही दूर नाही आता," इश्वर म्हणाला. "तुया बाप चूड लावीन. लागली का तू आजीले जा म्हन. मोठ्यानं म्हन, दोनदा म्हन. मायासारखं नोको करू."

"म्हनीन. अन तुमच्या मागं कोनी आलं का तुमालेही म्हनीन."

"नाही. मले कोनीच जा म्हनायचं नाही. मंग इथं येनारं कोनीच एकटं राहनार नाही. तुया बापालेही सांगून ठेव."

"कोठवर, आबाजी?"

"गाव इथं हाये तवर."

दामिनीनं त्याच्याकडे बघितलं. अंधाराला भिणारा तिचा आजोबा अजून तिचा हात घट्ट धरून बसला होता, आणि तो जे मागत होता ते त्याला नको होतं हे तिला स्पष्ट दिसत होतं. तरी तिनं हो म्हटलं.